मानसशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याचा गुणगौरव : निकष आणि मर्यादा
(निघोजे–चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : गुणगौरव, प्रशस्तिपत्र, आंतरिक प्रेरणा, सेवाकार्य, गोपनीयता, औद्योगिक परिसर

प्रस्तावना

वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि प्रशस्तिपत्र हा क्रम ठरलेला असतो, आणि प्रशस्तिपत्रातील मजकूरही बहुधा ठरलेलाच असतो. ‘अभ्यासू, विनयशील व सेवाभावी’ ही विशेषणे दरवर्षी एका नावावरून दुसऱ्या नावावर सरकतात. विषय रसायनशास्त्राचा असो की मराठीचा, त्यांत फारसा फरक पडत नाही. मानसशास्त्रात प्रावीण्य मिळविणाऱ्या व त्याचबरोबर समाजात जाऊन काम करणाऱ्या पदवी स्तरावरील विद्यार्थ्याचा गौरव करताना मात्र हा तयार मजकूर अपुरा पडतो. याची कारणे दोन. बक्षिसामुळे माणसाच्या मनात काय घडते हा खुद्द मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे. तेव्हा या विषयाच्या विभागाने बक्षीस देताना आपलेच ज्ञान बाजूला ठेवणे शोभत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या विद्यार्थ्याची सेवा झाडे लावण्यासारखी किंवा बंधारा बांधण्यासारखी नसते. ती दुसऱ्याच्या दुःखाशी, व्यसनाशी, घरातील कलहाशी निगडित असते. अशा सेवेचा जाहीर गौरव होताना ज्याची सेवा झाली त्याचे गुपित व्यासपीठावर येऊ शकते.

प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या निघोजे परिसरातील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून या गौरवाचे निकष काय असावेत व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन केले आहे.

परिसर आणि विद्यार्थ्याचा वेळ

निघोजे हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. देहू आणि आळंदी ही वारकऱ्यांची दोन्ही क्षेत्रे याच नदीच्या काठी आहेत. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार होत गेला तसे गावाचे शिवार कारखान्यांनी वेढले गेले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा व त्यानंतर महिंद्राचा वाहननिर्मिती कारखाना या परिसरात सुरू झाला आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग भोवती उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेला तरुण कामगारवर्ग आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतो. एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे कामगार असतील, तर एकाच्या झोपेची वेळ ही दुसऱ्याच्या स्वयंपाकाची वेळ असते.

अशा परिसरातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थीही याच घड्याळात अडकलेला असतो. कोणी सकाळी वर्गात बसून दुसऱ्या पाळीला कंपनीत जातो, कोणी रात्रपाळी आटोपून कंपनीच्या बसमधून थेट तासाला येतो. विद्यार्थिनींच्या वाट्याला घरकाम, धाकट्या भावंडांची शाळा आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याची सक्ती असते. गुणगौरवाच्या चर्चेत ही बाब दुय्यम वाटते. वस्तुतः ती मूळ प्रश्नाला भिडते. सेवेचे मोजमाप बहुतेक ठिकाणी तासांत होते, आणि तास सर्वांना सारखे मिळत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजनेचेच उदाहरण घेता येईल. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत व सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू केली. स्वयंसेवकाने दोन वर्षे, दरवर्षी १२० तास याप्रमाणे एकूण २४० तास सेवा करावी व सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, ही तिची सर्वपरिचित चौकट. योजनेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९९३-९४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि स्वयंसेवक विद्यार्थ्याच्या सेवेला राष्ट्रपातळीवर मान्यता मिळू लागली. पदवी विद्यार्थ्याच्या सेवाकार्याचा गौरव करणारी आपल्याकडील सर्वांत रुळलेली व्यवस्था हीच होय, आणि तिचे ऋण कोणीही मान्य करील. परंतु महाविद्यालय जेव्हा आपला स्वतःचा ‘उत्कृष्ट विद्यार्थी’ निवडताना केवळ हेच तास मोजते, तेव्हा सात दिवस रजा घेऊ न शकणारा कंत्राटी कामगार-विद्यार्थी पहिल्याच पायरीवर गळतो. त्याने आपल्या खोलीतील नव्याने आलेल्या, घराच्या आठवणीने जेवण टाकलेल्या मुलाला महिनाभर सोबत घेऊन खानावळीत नेले असेल, तर त्या सेवेची नोंद कोणत्याच वहीत नसते.

तास मोजू नयेत असा याचा अर्थ नाही. उपलब्ध वेळाच्या प्रमाणात सेवा पाहावी, एवढाच आग्रह आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘आठवड्यातील अर्थार्जनाचे व घरकामाचे तास’ असा एक रकाना वाढविला, तरी निवड समितीपुढील चित्र बरेच बदलते. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या अभ्यासक्रम-रचनेत क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले काम कोणते आणि त्यापलीकडे स्वेच्छेने केलेले कोणते, हेही आता वेगळे काढावे लागेल. ज्यासाठी श्रेयांक मिळाले त्याच कामाचा पुन्हा ‘निःस्वार्थ सेवा’ म्हणून गौरव करणे हे दुहेरी मोजमाप ठरते.

बक्षिसाचे मानसशास्त्र

बक्षीस दिले की प्रेरणा वाढते, ही सर्वसाधारण समजूत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील बालवर्गात केलेला प्रयोग या समजुतीला छेद देणारा म्हणून विख्यात आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. प्रशस्तिपत्र सोनेरी मोहोर व फीत लावलेले होते, म्हणजे आपल्या समारंभातील प्रशस्तिपत्राच्या जवळचेच. एक-दोन आठवड्यांनी मुक्त वेळात निरीक्षण केले असता, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेल्या मुलांनी इतर मुलांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाने केला नाही. ‘हे केलेस तर ते मिळेल’ या सौद्याने केला.

हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही. डेसी, कोस्टनर व रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. अपेक्षित वस्तुरूप बक्षिसे आंतरिक प्रेरणा कमी करतात, शाब्दिक प्रशंसा मात्र ती वाढविते, असे त्यात आढळले. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रशंसेचा हा लाभ लहान मुलांपेक्षा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत अधिक स्पष्ट दिसला. अट एकच : प्रशंसा माहिती देणारी हवी, वचक ठेवणारी नको. ‘तू अमुक काम अशा रीतीने केलेस, त्यामुळे अमुक घडले’ हे माहिती देणारे वाक्य आहे. ‘महाविद्यालयाच्या अपेक्षेप्रमाणे तू वागलास, पुढेही असाच वाग’ हे वचक ठेवणारे. आपली बहुसंख्य प्रशस्तिपत्रे दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे कटू असले तरी नाकारता येत नाही.

अलीकडचे संशोधन आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधते. रॉबिन्सन, गॅलस व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील पंधरा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांचा समावेश होता. पूर्वीच्या पूर्ण उपस्थितीबद्दल ज्यांना अचानक पुरस्कार देण्यात आला, त्यांची उपस्थिती पुढील महिन्यात उलट घटली. ‘आपण इतरांपेक्षा व अपेक्षेपेक्षाही जास्त करीत आहोत’ असा संदेश पुरस्कारातून पोहोचला, हे संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण. याच्या उलट, त्याच गॅलस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मन भाषेतील विकिपीडियावर नवागत स्वयंसेवी लेखकांना केवळ प्रतीकात्मक सन्मान दिला, तेव्हा पुढील महिन्यात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले. उपस्थिती हे कर्तव्य आहे, त्यासाठी मिळालेला पुरस्कार ‘पुरे झाले’ असे सांगतो. नव्या समूहात धडपडणाऱ्याला मिळालेला सन्मान ‘तू आमच्यातला आहेस’ असे सांगतो. या दोन निष्कर्षांची संगती अशा प्रकारे लावता येईल.

यातून समारंभाच्या वेळापत्रकाविषयी एक व्यावहारिक सूचना निघते. आपल्याकडे गौरव तृतीय वर्षाच्या अखेरीस होतो, विद्यार्थी महाविद्यालय सोडून जात असताना. त्यातून संस्थेचे छायाचित्र उत्तम निघते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र पुढे करण्यासारखे काही उरत नाही. द्वितीय वर्षाच्या मध्यावर, काम अर्धे झालेले असताना, विभागाच्या छोट्या बैठकीत केलेला नेमका उल्लेख अधिक उपकारक ठरण्याची शक्यता आहे.

शैक्षणिक कर्तृत्व : गुणांपलीकडे काय पाहावे

मानसशास्त्रातील विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सन्मान करणारी ‘साय काय’ ही संस्था अमेरिकेत १९२९ पासून कार्यरत आहे आणि तिचे सदस्यत्व प्रामुख्याने शैक्षणिक श्रेणीवर दिले जाते. आपल्या विद्यापीठांतील सुवर्णपदकेही गुणांवरच ठरतात. पदव्युत्तर प्रवेशासाठी हे ठीक आहे. परंतु या विषयातील पदवी विद्यार्थ्याची खरी पारख व्हायची तर प्रयोगवही उघडून पाहावी लागते.

२०१५ मध्ये ‘ओपन सायन्स कोलॅबोरेशन’ने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती केली, तेव्हा जेमतेम ३६ टक्के पुनरावृत्तींत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय निष्पत्ती मिळाली. या घटनेने विषयाला आत्मपरीक्षण करावयास लावले. मूळ अभ्यास सारे लबाडीचे होते असे नव्हे. अनुकूल निकालच तेवढे छापले जाण्याची सवय त्यामागे होती. ही सवय लागते पदवीच्या प्रयोगशाळेत. स्मृती किंवा अवधानाच्या प्रयोगात ‘प्रयुक्त’ म्हणून मित्रालाच बसविणे, गृहीतकाशी जुळेल असे कोष्टक रात्री भरणे आणि सर्वांच्या वह्यांत एकसारखी ‘चर्चा’ उतरविणे, हे प्रात्यक्षिक घेणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला अपरिचित नाही. अशा वातावरणात एखाद्या विद्यार्थिनीने गृहीतक फसल्याचे प्रामाणिकपणे नोंदविले, प्रयुक्त रात्रपाळी करून आलेला होता व त्यामुळे प्रतिक्रियाकाळ लांबला असावा अशी टीप जोडली, तर ती टीप शंभरपैकी दोन-चार वाढीव गुणांपेक्षा मोलाची आहे. तिचा प्रशस्तिपत्रात उल्लेख व्हावयास हवा.

फसलेल्या निकालाचाही सन्मान करता येतो, याचे उदाहरण या मातीतच आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने लढविला. अखेर किल्ला गेला. खानाने देऊ केलेली चाकरी नाकारून तो परतला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचा गौरव करून त्याला दुसऱ्या किल्ल्याची जबाबदारी दिली, असे इतिहासग्रंथ सांगतात.

सेवेची मर्यादा

पदवीचा विद्यार्थी समुपदेशक नसतो. हे विधान उघड आहे. तरीही गौरवाच्या भाषणात पहिल्यांदा विसरले जाते तेही हेच. ‘हिने अनेक कामगारांना नैराश्यातून बाहेर काढले’ असे वाक्य टाळ्या मिळविते, आणि तीन चुका करते. नैराश्याचे निदान कोणी केले हे ते सांगत नाही. उपचाराचे श्रेय ते अप्रशिक्षित व्यक्तीला देते. आणि समोर बसलेल्या पुढच्या वर्षीच्या स्पर्धकाला असेच काहीतरी करण्याचा मोह पाडते. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी विहित प्रशिक्षण व नोंदणी आवश्यक आहे. बी.ए.चे पदवीपत्र ती परवानगी देत नाही, मग बी.ए.चा विद्यार्थी तर दूरच.

सद्हेतूने केलेली मदतही अपाय करू शकते. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत व्यक्तीला सारे प्रसंग पुन्हा बोलावयास लावण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. मेयू, एलर्स व हॉब्स यांनी वाहन-अपघातग्रस्तांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २००० मध्ये निष्कर्ष मांडले. अशी बैठक झालेल्यांची स्थिती न झालेल्यांपेक्षा वाईट आढळली. पुणे–नाशिक महामार्गावरील अपघात आणि पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार ही या पट्ट्यातील वस्तुस्थिती असल्यामुळे हा निष्कर्ष येथे केवळ पाठ्यपुस्तकी राहत नाही. जखमी कामगाराच्या खाटेशी जाऊन ‘नेमके काय झाले ते सविस्तर सांगा’ असे विचारणारा उत्साही विद्यार्थी त्याचे भले करीत नाही.

मग तो करू शकतो काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सहयोगी संस्थांसह प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रीय प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन कृती सांगितल्या आहेत : पाहणे, ऐकणे व जोडून देणे. हे व्यावसायिक समुपदेशन नव्हे, असे ती मार्गदर्शिकाच स्पष्ट करते. यांपैकी तिसरी कृती निघोज्यासारख्या ठिकाणी विशेष मोलाची आहे, कारण परराज्यातून आलेल्या कामगाराला मदत कोठे मिळते हेच ठाऊक नसते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक खानावळीच्या भिंतीवर लावणे, पहिला फोन लावताना शेजारी बसणे, ग्रामीण रुग्णालयापर्यंत सोबत जाणे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करणे ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. तरीही पदवीच्या विद्यार्थ्याने करण्याजोगी सर्वांत सुरक्षित आणि बहुधा सर्वांत उपयुक्त सेवा हीच. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून आणि मनोस्वास्थ्याच्या क्षेत्रात ठाण्यातील आय.पी.एच. १९९० पासून कार्यरत आहे. अशा प्रशिक्षित व्यक्तींच्या संस्थांपर्यंत माणूस पोहोचविणे हेच कौशल्य आहे, आणि आपल्याला काय जमत नाही हे वेळीच ओळखणे हाही त्याच कौशल्याचा भाग आहे. ज्या विद्यार्थिनीने ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ म्हणून एखादे प्रकरण अध्यापकाकडे सोपविले, तिच्या त्या निर्णयाची नोंद प्रशस्तिपत्रात हवी, वीरकथा नको.

गोपनीयता आणि प्रशस्तिपत्राची भाषा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क, तर कलम २४ मध्ये मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीविना प्रसारमाध्यमांस देण्यावर निर्बंध आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापली जाणारी सेवाकार्याची छायाचित्रे प्रत्येक वेळी या कलमाच्या कक्षेत येतीलच असे नाही. परंतु त्यामागील तत्त्व विभागाने कायद्याच्या धाकाविना पाळावयास हवे. व्यसनमुक्तीच्या बैठकीत बसलेल्या कामगाराचा चेहरा वार्षिकांकात दिसला आणि तो अंक त्याच्या पर्यवेक्षकाच्या हाती पडला, तर कंत्राटी नोकरी जाण्यास तेवढे पुरते.

नाव वगळले म्हणजे ओळख लपली, हा समजही लहान गावात टिकत नाही. ‘एका विशिष्ट वस्तीतील, अमुक जिल्ह्यातून आलेली, नुकतेच मूल गमावलेली महिला’ एवढ्यावरून सारे गाव तिला ओळखते. म्हणून वर्णन नेमके असावे ते कृतीचे, व्यक्तीचे नव्हे. एक काल्पनिक नमुना असा देता येईल : ‘हिने दोन वर्षांत आठवड्यातून एक सायंकाळ मदतसेवांची माहिती देण्याच्या कामासाठी दिली, माहितीपत्रक मराठी व हिंदीत तयार करून तज्ज्ञांकडून तपासून घेतले, ज्या प्रसंगी स्वतःची मर्यादा जाणवली त्या प्रत्येक प्रसंगी अध्यापकांचा सल्ला घेतला, आणि आपल्या प्रकल्पात गृहीतकाविरुद्ध गेलेले निष्कर्ष जसेच्या तसे मांडले.’ या मजकुरात एकही विशेषण नाही, आणि कोणाचेही गुपित नाही.

निवड समितीविषयी थोडेसे. १९२० मध्ये थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेल्या मूल्यांकनांचा अभ्यास करून दाखवून दिले की, एका गुणाचे अनुकूल मत इतर सर्व गुणांवर पसरते. हाच वलय-परिणाम. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकविला जाणारा हा परिणाम समितीच्या बैठकीत शिकविणाऱ्यांनाच आठवत नाही. सुवक्ता विद्यार्थी आपोआप सेवाभावीही ठरतो. अबोल, मागच्या बाकावरचा, झोपाळू डोळ्यांचा विद्यार्थी कशातच बसत नाही. उपाय सोपा आहे. अभ्यास, प्रयोगवही, सेवा आणि नैतिक विवेक यांचे मूल्यांकन वेगवेगळ्या अध्यापकांनी, परस्परांचे आकडे न पाहता करावे आणि त्यानंतरच एकत्र बसावे. एखाद्या वर्षी या चारही बाबतींत पात्र असा कोणी आढळला नाही, तर पुरस्कार रिकामा ठेवण्याची तरतूद नियमांत असावी. देणगीदाराची नाराजी त्यासाठी पत्करावी लागली तरी चालेल.

प्रशस्तिपत्राचा मसुदा छापण्यापूर्वी विद्यार्थ्याला दाखवून त्याची संमती घ्यावी, ही शेवटची सूचना. सेवेत आलेल्या माणसांना तोच ओळखतो. कोणते वाक्य कोणाला बोचेल हे समितीपेक्षा त्याला अधिक कळते. त्याने एखादे वाक्य काढावयास सांगितले, तर कारण न विचारता ते काढावे. आणि समारंभाची वेळ दुपारी तीनची असेल, तर तो दुसऱ्या पाळीला कंपनीत असेल, हेही आधी विचारून घ्यावे.